धाकटीचा रिपोर्ट

लिफ्टच्या दुरुस्तीला माणसं दोन लागतात. एक गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, दुसरा लिफ्टच्या टपावर उभा. वरच्याला खालचा दिसत नाही. नुसता आवाज येतो, "वर घे," "थांब," "जरा खाली." त्या आवाजावर हवाला ठेवून मी ज्याच्याबरोबर चौदा वर्षं काम केलं, त्याला आम्ही सगळे मीटर म्हणायचो.

नाव त्यानं स्वतःच कमावलेलं. गळ्यात मल्टिमीटर लटकवलेला असायचा आणि जेवतानाही तो उतरवायचा नाही. कुणी म्हणालं, "रिले गेलाय बहुतेक," की हा लगेच विचारणार, "बहुतेक म्हणजे काय? मोजलंस का?" घरातही तेच. बायकोनं कपाळाला हात लावून ताप आहे म्हटलं, तर हा आधी थर्मामीटर शोधणार आणि मग काळजी करणार. पण माणूस सोन्यासारखा. बंद लिफ्टमध्ये कुणी अडकलं की हा दाराशी तोंड लावून त्या माणसाशी गप्पा मारत बसायचा, आणि हात मात्र कामात.

त्याला दोन मुली. थोरली अकरा वर्षांची, उंच, बडबडी, बापाची लाडकी. धाकटी पाच वर्षांची, कमी बोलणारी. वहिनी एका दुकानासाठी पडदे शिवायच्या. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची निम्मी खोली कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली. मी गेलो की पोरी गठ्ठ्यांवरून उड्या मारत यायच्या, "काका, आज कोण अडकलं?"

एका रविवारी गेलो तर थोरली उडी मारून आली नाही. बसल्या जागेवरून हसली. गालफडं बसलेली. मी तिथे होतो तेवढ्यात ती तीन वेळा उठून पाणी प्यायली आणि दोन वेळा बाथरूमला गेली. मी म्हटलं, "काय गं, विहीर गिळलीस की काय?"

मीटर म्हणाला, "उंची फुटतेय तिची. हाडं वाढतात तेव्हा मूल वाळतं."

वहिनी शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या, "अंथरूणही ओलं होतंय. ह्या वयात."

"वहिनी, कुणाला तरी दाखवा," मी म्हटलं.

दाखवलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लघवीला जंतू झालेत म्हणून गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी बोटाला एक सुई टोचून एक थेंब रक्त तपासलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण लहान पोरीला साखरेचा आजार असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येणार होतं? साखरेचा आजार म्हणजे म्हातारपणाचा, सुटलेल्या पोटाचा, हेच आम्ही धरून चाललेलो.

पुढच्या बुधवारी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलंय, पाणी पाजत राहा. मीटरनं दोन दिवस रजा टाकली आणि दुकानातून ग्लुकोजच्या पावडरीचा डबा आणला. तिला मांडीवर घेऊन तो चमच्या-चमच्यानं ग्लुकोजचं पाणी पाजत राहिला. किती चमचे गेले ते त्यानं कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं. शुक्रवारी सकाळी ती धावून आल्यासारखी श्वास घ्यायला लागली. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायला लागला. हाक मारली तर डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. तेव्हा मला फोन आला. कंपनीच्या गाडीतून आम्ही तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या नर्सनं दारातच वास ओळखला. साखर मशीनच्या आकड्याबाहेर गेली होती.

शनिवारी तिनं एकदा "बाबा" म्हटलं. रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला मेंदूला सूज आली आणि ती गेली. खिडकीतून लख्ख ऊन तिच्या पलंगावर पडलं होतं. वहिनी तिच्या पायांवर पांघरूण नीट करत होत्या, एकदा, दोनदा, पुन्हा. मीटर मॉनिटरकडे बघत उभा होता. मॉनिटर बंद केला तरी तो त्याच्याकडेच बघत होता.

आठवड्याभरानं तो मला घेऊन त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना भेटायला गेला. पन्नाशीच्या बाई, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यानं बसायच्या आधीच विचारलं, "मी तिला ग्लुकोज पाजलं. मी मारलं का तिला?"

"आजार त्यामुळे झाला नाही," बाई म्हणाल्या. "त्या दोन दिवसांत साखर त्यानं आणखी चढली असेल, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण तुम्ही साधं पाणी पाजलं असतं तरी इन्सुलिनशिवाय ती राहिली नसती."

"मग झालं कशानं?"

बाईंनी कागदावर जठर काढलं, त्याच्यामागे एक लांबट आकार काढला. "हे स्वादुपिंड. ह्यात ठिकठिकाणी पेशींचे छोटे पुंजके असतात, इन्सुलिन तिथे तयार होतं. आता, जंतूंशी लढायला आपल्या रक्तात दुसऱ्या पेशी असतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्यांना ओळखता येतं. तुमच्या मुलीच्या शरीरात ती ओळख चुकली. तिच्याच पेशींनी इन्सुलिनच्या पेशींना परकं ठरवलं आणि एकेक करून संपवलं. हे गेल्या महिन्यात सुरू झालेलं नाही. वर्ष, दोन वर्षं, कदाचित त्याहून जास्त चाललं असेल. बहुतेक पेशी संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मूल खेळतं, खातं, शाळेत जातं."

मीटरनं त्या लांबट आकारावर बोट ठेवलं. "ओळख चुकली कशानं?"

"काही भाग आईबापांकडून येतो. काही बाहेरून काहीतरी घडतं, एखादा विषाणू असेल. नक्की कुणाला माहीत नाही."

"म्हणजे फॉल्ट सापडला नाही म्हणा."

"नाही सापडला," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्याच्या घशाखाली उतरलं नाही. आमच्या धंद्यात लिफ्ट बंद पडली तर कारण असतंच. वायर तुटते, ब्रेक घासतो, कुणीतरी आळस केलेला असतो. त्यानं कारण शोधायला घेतलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या भरल्या दवाखान्यात जाऊन पेशंटांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलून आला. शाळेतल्या पाण्याच्या टाकीत उतरून बघितलं. मग त्याला आठवलं, वहिनींच्या भावाच्या हातांवर पांढरे डाग आहेत. वहिनींच्या आईला थायरॉइड होतं. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यात कधीतरी आलं होतं की हे आजारही त्याच जातीचे, शरीर स्वतःवरच उलटतं. एवढं त्याला पुरलं.

मी जिन्यावर होतो, दार उघडं होतं. तो वहिनींना म्हणाला, "तुझ्या माहेरच्या रक्तानं माझी पोर खाल्ली."

वहिनींच्या हातात कात्री होती. त्यांनी ती खाली ठेवली, कापडाची घडी केली आणि आत गेल्या. धाकटी गठ्ठ्यावर बसून दोघांकडे बघत होती. त्या दिवसापासून वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. जेवायला वाढलंय. गॅस संपलाय. तेवढंच.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. ज्या घरात मुलाला हा आजार झाला, त्या घरातल्या बाकीच्यांचं रक्त त्या तपासत होत्या. रक्तात काही अँटिबॉडी सापडतात, त्यावरून आत ती मारामारी सुरू आहे का हे आजार दिसायच्या आधीच कळतं. पण बाईंनी आधीच बजावलं, "नीट विचार करा. समजा सापडलं, तर ते थांबवायला माझ्याकडे औषध नाही. नुसतं तुम्हाला माहीत असेल."

वहिनींना नको होतं. "माहीत करून काय करू? रोज मरू?"

"मोजल्याशिवाय बसणार नाही मी," तो म्हणाला.

तिघांचं रक्त गेलं.

रिपोर्ट आले त्या दिवशी आम्ही एका नऊ मजली इमारतीत दोर बदलत होतो. दुपारी तो हॉस्पिटलात जाऊन आला आणि सरळ कामाला लागला. तो टपावर, मी मशीनरूममध्ये. "वर घे." घेतली. "थांब." थांबलो. मग आवाजच आला नाही. मी दोनदा हाक मारली. शेवटी उतरून सातव्या मजल्यावरचं दार उघडलं. तो टपावर मांडी घालून बसला होता.

"तुझ्या वहिनीचा रिपोर्ट कोरा आहे," तो म्हणाला. "धाकटीच्या रक्तात दोन अँटिबॉडी सापडल्या. दोन सापडल्या की आज ना उद्या होतोच म्हणाल्या बाई. वर्षानं होईल, दहा वर्षांनी होईल, पण होईल."

मी हात पुढे केला, त्यानं तो धरला नाही.

"आणि एक माझ्या रक्तात आहे."

"तुझ्या?"

"एक असली तर पुष्कळदा काही होत नाही म्हणे." मग तो हसला. ते हसू मला अजून आठवतं. "फॉल्ट सापडला बघ."

तसंही नव्हतं. बाईंनी त्याला समजावलं होतं की आईचा रिपोर्ट कोरा आहे म्हणून तिच्याकडून काहीच आलं नाही असं होत नाही, आणि बापाच्या रक्तात एक आहे म्हणून सगळं बापाकडून आलं असंही नाही. अशीच ठेवण घेऊन हजारो माणसं जन्मतात आणि म्हातारी होऊन मरतात. पण त्यानं ते अर्धवट ऐकलं. घरी जाऊन त्यानं तिन्ही कागद वहिनींसमोर ठेवले. वहिनींनी शांतपणे वाचले. आधी धाकटीचा, दोनदा. मग बाकीचे दोन.

"माझ्या भावाला फोन करून सांगाल का?" त्यांनी विचारलं.

त्यानं फोन हातात घेतला. तासभर घेऊन बसला. नंबर काही लावला नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं, तीन-तीन महिन्यांनी तपासायला आणा, एरवी पोरीला पोरीसारखं वाढू द्या. मीटरनं प्लास्टिकच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या आणि ती धाकटीच्या दप्तरात घातली. संध्याकाळी आला की आधी बाटली उजेडात धरायचा. दर रविवारी वजन. ती बाथरूमला गेली की घड्याळाकडे बघायचा. तिचं तोंड हुंगायचा, बापानं मुका घेतल्यासारखं करून. पोर वाढत होती, पळत होती, गुडघे फोडून घेत होती, आणि बाप तिच्याकडे असा बघायचा जसं आम्ही झिजलेल्या दोराकडे बघतो.

वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, ती त्यांच्यासमोर पाणी पीत नाही हल्ली."

"का?"

"पाणी प्यायलं की बाबांचं तोंड कसं तरी होतं, म्हणते. त्यामुळे ते कामावर गेले की पिते. काल शाळेतून आली तर ओठ फुटलेले. बाटली भरलेली तशीच. रेघ खाली जायला नको म्हणून."

मी ते मीटरला सांगितलं. मशीनरूमच्या पायरीवर तो बसला होता. ऐकलं आणि तोंड हातात धरून रडला. थोरली गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं बाटली फेकली. पण बघणं काही त्याला फेकता आलं नाही.

दोन वर्षांत त्याचं स्वतःचं वजन उतरायला लागलं. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवीन भोक पाडलं. धाकटीवर डोळा ठेवून बसलेल्या माणसाला स्वतःची तहान दिसली नाही. तपासलं तर साखर चढलेली. आधी गोळ्या झाल्या, त्यांवर वर्षभर निघालं. मग इन्सुलिन. त्याच्या रक्तातल्या त्या एकीनं आपलं काम सावकाश केलं होतं. कंपनीतली पोरं म्हणाली, "मीटरला आता दुसरा मीटर आला." तोही हसला. बोटं टोचून टोचून त्यांच्या शेंड्यांना घट्टे पडले.

इंजेक्शन सुरू होऊन दोन महिने झाले असतील. आम्ही एका ऑफिसच्या इमारतीत होतो. तो टपावर, लिफ्ट शेवटच्या मजल्याजवळ. "वर घे," म्हणाला. घेतली. "वर." घेतली. "वर... वर... अजून वर..." आवाज लांबलेला, दारू प्यायल्यासारखा. चौदा वर्षांत मीटर कधी "अजून" म्हणाला नव्हता. तो फूट सांगायचा, इंच सांगायचा. मी हात काढला आणि मेन स्विच पाडला. खाली धावलो. तो घामानं निथळत बसला होता, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. डोक्यावर दोन वीत अंतरावर लोखंडी तुळई. साखर इतकी उतरली होती की आपण कुठे आहोत हे त्याला कळत नव्हतं. मी त्याच्याच खिशातल्या साखरेच्या पुड्या त्याच्या तोंडात ओतल्या.

साहेबांनी त्याला लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायला बंदी केली. बरोबरच होतं. त्याला सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. मला दुसरा जोडीदार मिळाला, चांगला पोरगा होता. पण मशीनरूममध्ये त्याचा आवाज आला की मला प्रत्येक वेळी खाली वाकून बघावंसं वाटायचं.

धाकटी नऊ वर्षांची झाली त्या साली, ठरलेल्या तपासणीत साखर वर निघाली. पोर धडधाकट होती. ना तहान, ना उलटी. थोड्या पेशी अजून शिल्लक असतील, बाई म्हणाल्या, लगेच इन्सुलिन सुरू करू. मीटरनं तिला हॉस्पिटलच्या बाकावर बसवलं. मी आणि वहिनी समोर होतो.

ती म्हणाली, "मी ताईसारखी मरणार का?"

वहिनींनी तोंड फिरवलं.

"नाही," तो म्हणाला. "ताईचं आपल्याला कळलं नाही. तुझं कळलंय."

"दुखतं का?"

त्यानं शर्ट वर केला. पोटावर निळे-काळे ठिपके होते. "रोज चारदा टोचतो. पहिल्या दिवशी दुखलं. खोटं नाही सांगत." त्यानं तिच्यासमोर स्वतःला सुई टोचली आणि मग दुसरी सुई तिच्या दंडाला. तिनं डोळे मिटले नाहीत. त्याच्या हातांकडे बघत राहिली. नर्स म्हणाली, "बाबा शिकलेले दिसतात." तो म्हणाला, "काही महिने आधी सुरू केलंय, सरावासाठी." नर्सला ती थट्टा वाटली. वहिनी मात्र त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या.

ती वाचली. एवढं मला सांगता येतं आणि ते थोडकं नाही. शाळेत चक्कर येऊन पडली, दोनदा हॉस्पिटलात गेली, पंधराव्या वर्षी रागानं चार दिवस सुई घेतली नाही आणि मरता मरता वाचली. त्या वेळी बाप-लेकीचं जे भांडण झालं ते चार घरांना ऐकू गेलं. पुढे ती दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायला शिकली, लग्न केलं, तिला मुलगी झाली.

त्या नातीवरून शेवटचं भांडण मी पाहिलं. नात तीन वर्षांची होती. मीटर साठीला आलेला, मूत्रपिंडं निकामी होत चाललेली, उजव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालेलं. नवे डॉक्टर म्हणाले होते, नातीचं रक्त तपासू या. आता एक औषध आलंय, आजार थांबवत नाही, पण दोन-तीन वर्षं लांबवतं.

"मग वाट कसली बघतेस?" मीटर म्हणाला.

धाकटी भांडी विसळत होती. "बाबा, चार वर्षं तुम्ही माझ्याकडे पोर म्हणून बघितलं नाहीत. मी झोपले तरी तुम्ही माझा श्वास मोजायचात. मला कळायचं."

"म्हणून तू जिवंत आहेस."

"हो," ती म्हणाली. नळ बंद केला. "म्हणूनच मला ठरवता येत नाहीये."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही.

त्या साली हिवाळ्यात मीटर गेला. वहिनींचा भाऊ आला होता. पांढऱ्या डागांच्या हातांनी त्यानंही खांदा दिला. मीटरनं त्याला फोन कधी केलाच नाही. वहिनींनी शेवटपर्यंत त्याचं जेवणखाण, सुया, डायलिसिसच्या खेपा, सगळं केलं, पण त्याला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी धाकटीचा फोन आला. "काका, पोरीची तपासणी केली."

"मग?"

"आत्ता काही नाही निघालं. पण पुढे निघू शकतं म्हणतात. दोन वर्षांनी परत करायची."

मी म्हटलं, "बरं झालं गं." मग विचारलं, "आईला सांगितलंस?"

"आई इथेच आहे," ती म्हणाली. "पोरीला भरवतेय. सांगितलं तर म्हणाली, ठीक आहे, आणि पुढचा घास केला."